वाईनऐवजी ग्लासात काय? हलक्या जेवणासाठी कमी साखरेचे पर्याय

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. वय पंचेचाळीस, राहायला बाणेर. रात्रीचं जेवण दोघांचंच आणि हलकं: सूप, सॅलड, कधी तव्यावरचा मासा, कधी मुगाचं धिरडं. त्यासोबत आठवड्यातून तीन-चारदा एक ग्लास वाईन. तपासणीत एचबीए१सी (रक्तातल्या साखरेची दोन-तीन महिन्यांची सरासरी) ६.१ टक्के आलं आणि डॉक्टरांनी साखरही कमी करा, वाईनही कमी करा असं सांगितलं. वाईन थांबवून तुम्ही मॉकटेल, डाळिंबाचा रस आणि नॉन-अल्कोहोलिक वाईन आणून पाहिली. सगळंच गोड लागलं, जेवणाची गंमत गेली. नुसत्या पाण्याचा कंटाळा येतो. तर मग काय प्यावं?

५.७ ते ६.४ हा टप्पा मधुमेहपूर्व धरतात, त्यामुळे ६.१ ला घाबरून जाऊ नका, पण दुर्लक्षही करू नका. मी पुण्यात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते आणि हा प्रश्न माझ्याकडे बऱ्याचदा येतो. तो बहुतेक वेळा उलट्या बाजूने येतो: वाईन सोडली, आणि रोजची साखर वाढली.

कारण कोरड्या, म्हणजे ड्राय वाईनमध्ये मुळात साखर फारशी नसते. द्राक्षाच्या रसातली जवळजवळ सगळी साखर यीस्ट खाऊन टाकतं. युरोपातल्या नियमाप्रमाणे ड्राय वाईनमध्ये साधारणपणे लिटरला ४ ग्रॅमपर्यंत साखर चालते, आंबटपणा चांगला असेल तर ९ पर्यंत. म्हणजे १५० मिलिलिटरच्या ग्लासात फार तर ०.६ ते १.३५ ग्रॅम. त्या ग्लासातल्या साधारण १२० कॅलरींपैकी शंभरेक येतात अल्कोहोलमधून. एका ग्रॅमला ७ कॅलरी आणि ग्लासात १५ ग्रॅमच्या आसपास अल्कोहोल. डॉक्टरांनी वाईन कमी करा म्हटलं ते बरोबरच आहे, पण त्यामागे यकृत, ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली चरबी), वजन, झोप आणि वाईनसोबत येणारं चीज-काजू ही कारणं जास्त आहेत. पुढे साखरेची गोळी सुरू झाली, तर अल्कोहोलचा विषय डॉक्टरांशी उघडपणे बोला. काही गोळ्या चालू असताना रिकाम्या पोटी घेतलेलं मद्य साखर एकदम खाली नेतं, आणि ते रात्री झोपेत झालं तर कळतही नाही.

सगळी वाईन कोरडी नसते, हेही खरं. गोव्याहून आणतात ती पोर्ट चांगलीच गोड असते. लेट हार्वेस्ट म्हणजे द्राक्षं वेलीवर जास्त पिकू देऊन केलेली, तीही गोडच. नाशिककडच्या शेनिन ब्लांक या पांढऱ्या वाईनमध्ये बऱ्याचदा हलका गोडवा ठेवलेला असतो, आणि आपल्याकडे ती आवडते ती त्यामुळेच. फसफसणाऱ्या वाईनच्या बाटलीवर ‘ब्रूट’ असेल तर लिटरला १२ ग्रॅमच्या आत, ‘एक्स्ट्रा ड्राय’ असेल तर १२ ते १७. नाव ‘जास्त कोरडी’, पण असते ब्रूटपेक्षा गोड. या नावांनी भलेभले चकतात. ‘डेमी-सेक’ म्हणजे ३२ ते ५०, ती जेवणासोबत घ्यायचीच नाही. तुमच्या ग्लासात नेमकं काय होतं ते तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून हे सांगितलं.

आता बदली खेळाडूंकडे वळू. द्राक्षाच्या रसाच्या २०० मिलिलिटरमध्ये ३० ग्रॅमच्या आसपास साखर. डाळिंबाच्या रसात थोडी कमी, पण २५ च्या घरात, मग तो घरी काढलेला असो की ‘नो अ‍ॅडेड शुगर’ लिहिलेल्या खोक्यातला. वरून घातली नाही म्हणजे आत नाही असं नव्हे. टॉनिक वॉटर कडू लागतं म्हणून लोक ते निर्धास्त पितात; त्यात १०० मिलिलिटरला ८-९ ग्रॅम साखर असते, जवळजवळ कोलाइतकी. मॉकटेलचं तर बोलायलाच नको. महाबळेश्वरची आठवण देणारं स्ट्रॉबेरी क्रश, वर पुदिन्याचं पान आणि उंच ग्लास: आत साखरेचा पाकच. पुण्याच्या कॅम्पातल्या अर्देशीरची रास्पबेरी (गोड सोडा) मला स्वतःला फार प्रिय आहे, पण ती मी गोड पदार्थ म्हणून पिते, जेवणाचं पेय म्हणून नाही. जागतिक आरोग्य संघटना फळांच्या रसातली साखरही ‘मोकळी’, म्हणजे वरून घातलेल्या साखरेच्याच हिशेबात धरते आणि ती दिवसाला ५ टक्के कॅलरींच्या आत, म्हणजे साधारण २५ ग्रॅमपर्यंत ठेवली तर जास्त फायदा असं सांगते. रात्रीच्या एका ग्लासात सगळा दिवस संपला.

नॉन-अल्कोहोलिक वाईन तुम्हाला गोड का लागली, याला साधं कारण आहे. अल्कोहोल वाईनला अंग देतं, जिभेवर एक जाडी आणि हलका गोडवा आणतं. ते काढलं की उरतं ते पातळ आणि आंबट, म्हणून बनवणारे त्यात द्राक्षाचा रस किंवा साखर परत घालतात. मागच्या लेबलवर १०० मिलिलिटरचा आकडा बघा आणि त्याला दीडने गुणा, तो तुमचा ग्लास. आपल्या एफएसएसएआयच्या, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमाप्रमाणे पेयावर ‘कमी साखर’ लिहायचं तर १०० मिलिलिटरला अडीच ग्रॅमपेक्षा जास्त साखर चालत नाही. दुकानात उभं राहून एवढा एकच आकडा लक्षात ठेवला तरी निम्मं काम होतं. कोंबुचालाही, म्हणजे आंबवलेल्या गोड चहालाही, हीच पट्टी लावा. आंबवलेलं आहे म्हणून सगळी साखर गेली असेल असं गृहीत धरू नका. एका कंपनीच्या बाटलीत १०० मिलिलिटरला दोन ग्रॅम असते, दुसऱ्या कंपनीच्या सहा.

आता मुद्द्याचं. वाईन जेवणात काय काम करते, ते ओळखलं की पर्याय शोधणं सोपं जातं. ती आंबट असते, त्यामुळे तेल-तुपानंतर जीभ साफ होते आणि पुढचा घास पुन्हा पहिल्यासारखा लागतो. लाल वाईनमध्ये तुरटपणा असतो. तो पनीर, मशरूम, मांस यांचा जडपणा कापतो. तिला वास असतो. आणि ती सावकाश प्यायली जाते. गोड सरबत माणूस दोन घोटांत संपवतो. आंबट-तुरट पेयाचा ग्लास अख्खं जेवण पुरतो. तुमच्या तिन्ही प्रयोगांत गोडवा आला, पण आंबट, तुरट आणि सावकाशपणा आला नाही. म्हणून मी सल्ला देते की ‘वाईनसारखं’ काही शोधूच नका. आंबट, तुरट, किंचित खारट आणि थंड, एवढ्यावर ग्लास बांधा. त्यासाठी लागणारं सामान मंडईत आणि कोकणी मालाच्या दुकानात मिळतं.

पहिली पसंती कोकम. इथे खरेदीत एक घोळ हमखास होतो. ‘अमृत कोकम’ नावाने मिळतं ते साखरेच्या पाकातलं सरबत, ते तुम्हाला चालणार नाही. तुम्हाला हवं ते आगळ, म्हणजे कोकमाचा मीठ घातलेला, बिनसाखरेचा रस. दोन्ही बाटल्या बऱ्याचदा एकाच फळीवर शेजारी शेजारी असतात आणि रंगही सारखाच, तेव्हा मागचे घटक वाचूनच उचला. आगळात मीठ भरपूर असतं, म्हणून २०० मिलिलिटर पाण्याला दोन छोटे चमचे पुरे, वरून मीठ घालायचं नाही. रक्तदाब असेल तर आगळाऐवजी सुकी आमसुलं घ्या. त्यांनाही मिठाचं पाणी लावलेलं असतं, पण भिजवण्याआधी एकदा धुऊन घेता येतात.

आमसुलाचा ग्लास मी असा करते: सात-आठ मऊ, काळपट-जांभळी आमसुलं धुऊन दोन कप कोमट पाण्यात तासभर भिजवायची. कडक, वाळून तपकिरी पडलेली घेऊ नका, त्यांना रंगही नाही आणि वासही नाही. मग हातानेच हलकं कुस्करून गाळायचं. खूप चोळलं तर पाणी गढूळ होतं आणि तोंडात एक चिकट तुरटपणा राहतो. त्यात ठेचलेल्या आल्याचा छोटा तुकडा आणि चार मिरे टाकून फ्रिजमध्ये ठेवायचं. जेवताना ग्लासात निम्मं हे, निम्मा थंडगार साधा सोडा, आणि भाजलेल्या जिऱ्याची अगदी चिमूट. रंग रोझे (गुलाबी) वाईनच्या जवळ जातो, साखर जवळजवळ शून्य. तव्यावरचं पापलेट, सुरमई, नारळ घातलेली कुठलीही भाजी, मोड आलेल्या मटकीची उसळ, यांच्यासोबत हे वाईनपेक्षा बरं लागतं असं माझं मत आहे. मासळी आणि कोकम यांचं जमतं हे कोकणाने कधीच सिद्ध केलंय, त्यात माझं काही नाही. सोलकढी मात्र वेगळी गोष्ट. नारळाच्या दुधामुळे ती पेयापेक्षा पदार्थाकडे झुकते. हलक्या जेवणासोबत अर्धी वाटी ठीक, ग्लासभर नको.

लाल वाईन पिणाऱ्यांसाठी माझं उत्तर थंड पाण्यातला चहा. चहा म्हणजे टपरीवरचा नव्हे, आणि सीटीसीची, म्हणजे नेहमीच्या दुधाच्या चहाची बारीक पावडरही नव्हे. ती थंड पाण्यातही उगाच कडक उतरते. लांब पानाचा दार्जिलिंग किंवा निलगिरी आणा. एक लिटर पाण्यात १० ग्रॅम, म्हणजे साधारण दोन मोठे चमचे पान टाकून बाटली फ्रिजमध्ये रात्रभर ठेवा, सकाळी गाळा. गरम पाण्यात कडवटपणा आणि कॅफीन भराभर उतरतात. थंड पाण्यात ते कमी येतात, पण वास आणि मऊ तुरटपणा उतरतो. दार्जिलिंगच्या दुसऱ्या तोडणीच्या चहाचा वास द्राक्षांच्या वासाशी नातं सांगणारा म्हणून प्रसिद्ध आहे, तुम्हाला तो पटकन ओळखीचा वाटेल. यात अर्धा चमचा चिंचेचा पातळ कोळ घाला. चिंचेत मुख्यतः टार्टारिक आम्ल असतं, तेच जे द्राक्षांमध्ये आणि वाईनमध्ये असतं. लिंबू पिळलं तर तो लिंबू-चहा होतो. चिंचेने तसं होत नाही, आंबटपणा मागे राहतो आणि लांबतो. एक लवंग आणि दालचिनीचा बोटभर तुकडा बाटलीतच टाकला तर आणखी छान. लवंगा दोन टाकू नका, दातदुखीच्या औषधाचा वास येतो.

हा चहा मी वांग्याच्या भरीतासोबत सांगते. विस्तवावर भाजलेल्या वांग्याचा धुरकट वास, ज्वारीची पातळ भाकरी, आणि बाजूला हा थंड तुरट चहा. भरताला तेल कमी, कांदा कच्चा. मशरूम परतलेले असोत, पनीर तव्यावर भाजलेलं असो, तिथेही तो चालतो. भाताबरोबर मात्र फिका पडतो.

यात दोन अडचणी आहेत, त्या सांगायलाच हव्यात. एक, चहातलं टॅनिन जेवणातल्या लोहाला बांधून ठेवतं. तुमच्या वयाच्या कितीतरी बायकांचं हिमोग्लोबिन आधीच कमी असतं, तुमचंही तसं असेल तर जेवणासोबत चहा नको. कोकम किंवा लिंबू घ्या. दोन, कॅफीन. थंड चहातही ते थोडं असतंच, आणि रात्री नऊच्या जेवणानंतर ज्यांना झोप लागत नाही त्यांनी लाल अंबाडीच्या सुकवलेल्या बोंडांचं पाणी करावं. बाजारात हिबिस्कस टी म्हणून मिळतो तो हाच. कॅफीन नाही, रंग लालबुंद, आंबटपणा सणसणीत. दोन-तीन चमचे बोंडं लिटरभर पाण्यात तशीच रात्रभर. यामुळे रक्तदाब थोडा खाली येऊ शकतो, त्यामुळे त्याची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारून.

पांढऱ्या वाईनच्या जागी काय, तर गवती चहा. ताजी पात मंडईत जुडीने मिळते. पातीचे तुकडे हाताने चुरगाळून उकळत्या पाण्यात टाका, गॅस बंद करून दहा मिनिटं झाकून ठेवा. मग गाळून थंड करा, जेवताना लिंबाच्या चार थेंबांसह सोड्यात मिसळा. आलं घालू नका, आलं घातलं की सर्दीचा काढा आठवतो. काकडीची कोशिंबीर, मुगाचं धिरडं, लिंबू-कोथिंबिरीचं सूप यांच्याशी याचं छान जुळतं.

ताकाबद्दल विचारलं नसलंत तरी सांगते, कारण पुढचा प्रश्न तोच असतो. मुगाच्या खिचडीसोबत पातळ ताकाला तोड नाही. एका वाटी दह्याला तीन वाट्या पाणी धरलं तर पेलाभर ताकात दोन-तीन ग्रॅम दुधातली साखर, तीही प्रथिनांसोबत. पण माशासोबत किंवा सॅलडसोबत ते वाईनची जागा घेत नाही. ग्लास उचलून गप्पा मारत पिण्याचं ते पेय नव्हे.

हिवाळ्यात कांजी करून बघा. उत्तरेकडची गोष्ट, तिथे काळ्या गाजराची करतात. इथे लाल गाजर आणि एक बीट घेतलं तरी भागतं. अर्धा किलो गाजराचे लांब तुकडे, बिटाचे चार-सहा काप, दोन लिटर उकळून गार केलेलं पाणी, मोहरीची भरड पूड दोन मोठे चमचे आणि मीठ तेवढंच. काचेच्या बरणीला फडकं बांधून उन्हात. जानेवारीत चार-पाच दिवस लागतात, मार्चमध्ये दोन-तीन. रोज चमच्याने चाखा. आंबट झालं आणि मोहरी नाकात चढली की गाळून फ्रिजमध्ये. मिठामुळे एका वेळी छोटा ग्लासच. थालीपिठासोबत ही वाईनला सहज मागे टाकते.

शहाळ्याचं पाणी चालेल का, असंही विचारतात. एका शहाळ्यात आठ-दहा ग्रॅम साखर धरा. दुपारी चालेल, रात्री रोज नको. उसाचा रस आणि नीरा या यादीत येतच नाहीत.

डाएट टॉनिक, झीरो कोला यांवर मी बंदी घालत नाही, महिन्यातून दोनदा पार्टीत ठीक. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये वजन आटोक्यात ठेवण्यासाठी अशा गोडव्यांवर अवलंबून राहू नका असं सुचवलं. माझा आक्षेप आणखी साधा आहे: जिभेची गोडाची सवय तुटत नाही, आणि तुम्हाला तर गोडाचाच कंटाळा आलाय!

बाहेर जेवायला गेल्यावर कोरेगाव पार्क असो की कर्वे रस्ता, मेन्यूतलं मॉकटेलचं पान उलटून टाका. ‘फ्रेश लाइम सोडा, सॉल्टेड’ एवढंच म्हणून थांबू नका. काही ठिकाणी न विचारता ‘स्वीट अँड सॉल्ट’ येतो. ‘साखर किंवा सिरप अजिबात नको, लिंबू जास्त, मीठ कमी, सोड्याची बाटली वेगळी आणा’ असं पूर्ण वाक्य म्हणा. ‘थोडीशीच साखर’ असं कधी सांगू नका; बार काउंटरवर सिरप मापाने पडतं आणि त्याचं माप थोडंसं नसतं. बाटलीतला जीरा सोडा नावाने साधा वाटतो, पण बहुतेकांत साखर असते. चांगल्या बारमध्ये सोड्यात बिटर्सचे (कडू मुळं-मसाल्यांच्या अर्काचे) तीन-चार थेंब घालून मिळतात, कडवट-सुगंधी लागतं आणि साखर नगण्य. मात्र बिटर्समध्ये अल्कोहोल असतं. थेंबांपुरतं का होईना, ज्यांनी पूर्ण सोडलंय त्यांनी ते टाळावं.

दातांचंही बघा. आंबट पेय तासभर घोट घोट घेत राहिलं तर दातांवरचं इनॅमल झिजतं, वाईननेही तेच होतं. म्हणून हे ग्लास जेवणासोबतच घ्या, आधी तासभर टीव्हीसमोर नको. नंतर साध्या पाण्याने चूळ भरा आणि लगेच ब्रश करू नका. आम्लपित्ताचा त्रास असेल तर कांजी आणि चिंच बाजूला ठेवा. गवती चहा बिनलिंबाचा घ्या.

ग्लास तोच ठेवा, देठाचा. स्टीलच्या पेल्यात हीच पेयं सरबतासारखी घटाघटा प्यायली जातात. थंडही नीट करा. आणि एखाद्या दिवशी पूर्वीसारखी वाईन घ्यावीशी वाटलीच, तर १०० मिलिलिटर मापून ओता, ड्राय घ्या, जेवणासोबत घ्या, त्यात निम्मा सोडा घाला. घरातलं कुणी पीत नसेल, तर त्यांनी तब्येतीच्या नावाखाली सुरू करू नये. हृदयाला चांगली म्हणून वाईन घ्या हा सल्ला आता कुणी जबाबदारीने देत नाही.

घरी ग्लुकोमीटर असेल तर त्याचा उपयोग करा. नेहमीचंच जेवण ठेवा, एका रात्री कोकम, एका रात्री चहा, एका रात्री डाळिंबाचा रस. जेवणाआधी आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी साखर मोजून वहीत लिहा. एचबीए१सी मागच्या दोन-तीन महिन्यांचं सरासरी चित्र दाखवतं, त्यामुळे ते तीन महिन्यांच्या आत पुन्हा करण्यात अर्थ नाही. पुढच्या तपासणीला जाताना ती वही सोबत न्या, आणि हिमोग्लोबिनचा आकडा मला कळवा, म्हणजे थंड चहा ठेवायचा की काढायचा ते ठरवता येईल.